दाजींनी न उघडलेली मोटर

जगात असा एकही विषय नाही, ज्यावरून आमचे थोरले साडू चौथ्या वाक्याला मोटरीवर येत नाहीत. हे मी मोजून पाहिलेलं आहे. गुडघेदुखी म्हणा, तुरीची डाळ म्हणा, कुणाच्या नातीचं बारसं म्हणा, गारखेड्यात चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी म्हणा. सुरुवात कुठूनही करा, पहिली तीन वाक्यं ते सभ्य माणसासारखं ऐकून घेतात, मान डोलावतात, "अरेरे" किंवा "वा वा" यातलं जे लागू असेल ते म्हणतात आणि चौथं वाक्य "आता आपल्या मोटरीचंच बघा ना" असं सुरू होतं. एकदा आमच्या शेजारचे गृहस्थ वारले, तेव्हा समाचाराला आलेले असताना ते पाचव्या वाक्यापर्यंत थांबले होते. दुःखद प्रसंगाचं भान म्हणून त्यांनी एक वाक्य जास्तीचं दिलं, असं मी धरून चालतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही "पाहुणे" म्हणतात. मूळचे सोयगावकडचे, घरी शेती, विहिरीवर मोटर. ती मोटर सातवीत असताना त्यांनी खोलून पाहिली, वडिलांचा मार खाल्ला, आणि पुन्हा जोडली तेव्हा ती आधीपेक्षा बरी चालायला लागली म्हणून तोच मार परत घेतल्यासारखा गूळही खाल्ला. पुढं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला त्यांनी तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वर्ग संपला, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मी कोरी पाटी, आणि कोरी पाटी दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते.

त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात कायम दोन-तीन चुंबकं असायची. पेन विसरतील, चष्मा विसरतील, चुंबकं नाही. समोर दिसेल त्या धातूला लावून बघायचं आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"मध्ये निकाल असायचा. उस्मानपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात अक्का, म्हणजे माझी मेहुणी, एक साधी कढई घ्यायला गेली होती. दाजींनी तेवढ्यात मांडणीवरचे डबे, पातेली, चमचे, दुकानदाराची तिजोरी आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ एवढं सगळं तपासून टाकलं. घड्याळ त्या दिवसापासून मागं पडायला लागलं, असं तो दुकानदार आजही शपथेवर सांगतो. तेव्हा तो हात जोडून म्हणाला होता, "चाचा, लेना है तो लो, नहीं तो चुंबक लेके घर जाओ, मगर मेरे माल को बदनाम मत करो." दाजींनी त्यालाही स्टुलावर बसवून सांगितलं, की चिकटलं म्हणजे वाईट आणि नाही चिकटलं म्हणजे चांगलं असं काही नसतं, प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. कढई घ्यायची राहूनच गेली.

मग विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि दाजींच्या आयुष्यात दुसरं तारुण्य आलं. "पाहुणे, ह्या गाडीत जी मोटर असती ना, तिच्या पोटात कायमचं चुंबक असतं. कायमचं!" हे "कायमचं" ते असं म्हणायचे, जसं एखादा नवीन लग्न झालेला माणूस म्हणेल. मी "अस्सं" म्हटलं. हे माझं चुकलं. कारण त्या "अस्सं"मध्ये त्यांना शंका ऐकू आली, आणि त्या शंकेचं निरसन त्यांनी पुढच्याच आठवड्यात माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात केलं.

झालं असं, की मुलाकडची मंडळी यायला उशीर होत होता. दाजींनी कार्यालयाच्या मॅनेजरची फिरती खुर्ची हॉलच्या मधोमध आणवली, तिच्यावर मला बसवलं आणि भोवती गोल करून सहा नातेवाईक उभे केले. "तुम्ही सहाजण म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी. तुम्ही जागचं हलायचं नाय. पाहुणे म्हणजे कायमचं चुंबक. बॅटरीतली वीज सरळ एका दिशेनं येती, तिला आळीपाळीनं वाटून द्यायला कंट्रोलर लागतो." कंट्रोलर म्हणून त्यांनी माझ्या बायकोच्या हातात ताट आणि पळी दिली. ताट वाजलं की एका वेटोळ्यानं "या पाहुणे!" म्हणून हाक मारायची आणि मी खुर्चीसकट तिकडं तोंड करायचं. मी तोंड करतो न करतो तोच पुढच्यानं हाक मारायची. "वीज सरकत जाती, चुंबकाची ओढ गोल फिरती, आणि रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बिचारा तिच्या मागं. गाठ कधीच पडत नाय, पण पाऊल कधीच चुकत नाय." सुरुवातीला मजा आली. मग माझ्या बायकोनं ताट जोरात वाजवायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांत मला असं फिरवायची संधी तिला उघडपणे कधी मिळाली नव्हती. मामा, मावशी, चुलते, सगळे "या पाहुणे, या पाहुणे" ओरडायला लागले आणि मुलाकडची मंडळी दारात आली तेव्हा मुलीचा काका, म्हणजे मी, मठ्ठ्याच्या पिंपाला मिठी मारून उभा होतो. दाजी त्यांच्याकडं वळून समाधानानं म्हणाले, "बघितलंत? कुणी हात लावला नाय. नुसत्या हाकेवर फिरलं."

लग्न मोडलं नाही, ही मुलाकडच्यांची कृपा.

त्याच साली दाजींनी गाडी घेतली. शोरूममधल्या विक्रेत्यानं छत उघडून दाखवलं, पडदा लावून दाखवला, आतले दिवे सात रंगांत बदलून दाखवले. दाजींनी विचारलं, "मोटर कोणती?" तो म्हणाला, "सर, एकदम सायलेंट." दाजी म्हणाले, "मी तिचा स्वभाव नाय विचारला, जात विचारली. चुंबकाची का बिनचुंबकाची?" तो बिचारा आत जाऊन साहेबाला विचारून आला. मग दाजींनी त्या दोघांना आणि एका दुसऱ्याच गिऱ्हाइकाला मिळून समजावलं, की विहिरीवरच्या मोटरीत फिरणाऱ्या भागाला स्वतःचं चुंबक नसतं. बाहेरच्या ओढीनं त्याच्या अंगात वीज जागी होते, तेव्हा कुठं ते चुंबकासारखं वागायला लागतं, आणि म्हणून ते नेहमी थोडं मागं पडतं आणि थोडं तापतं. कायमच्या चुंबकाला ती जागं होण्याची भानगडच नाही. ते जागंच असतं. म्हणून मोटर लहान, हलकी, आणि तेवढ्याच विजेत गाडी जास्त लांब जाते. ते दुसरं गिऱ्हाईक नुसतं टायरमध्ये हवा भरायला जागा विचारत आलं होतं, पण गाडी बुक करून गेलं असं दाजी सांगतात.

गाडीत त्यांनी गाणी कधी लावली नाहीत, कुणाला लावू दिली नाहीत. बोलायलाही बंदी. वेग वाढला की मोटरीचा एक बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तो त्यांना ऐकायचा असायचा. गावाला सोयगावला जाताना अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो, ती तर त्यांची यात्राच. उतारावर पायाखालचा दाब सोडला, की गाडी मोटरीला फिरवते, चुंबकं वेटोळ्यांसमोरून धावतात आणि वीज उलटी बॅटरीत जाते. दाजी घाट उतरायचे आणि मागच्या सीटवरच्या मला दर वळणाला बॅटरीचा आकडा वाचायला लावायचे. "किती?" "एकेचाळीस." "आता?" "एकेचाळीसच." "नीट बघा की पाहुणे!" "बेचाळीस!" मग ते एवढे खुश व्हायचे, की एकदा खाली फर्दापूरला पोचल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि तो आनंद परत घेण्यासाठी घाट पुन्हा चढला. चढताना किती वीज खर्च झाली, ते मला वाचू दिलं नाही.

ह्या सगळ्यात अक्का कुठं असायची? मेथी निवडत असायची. दाजींचं व्याख्यान सुरू झालं, की ती समोर जे असेल ते निवडायला घ्यायची: मेथी, तांदूळ, शेंगदाणे. मान खाली, बोटं चालू. आम्ही सगळे धरून चाललो होतो, की तिनं पस्तीस वर्षांपूर्वीच कान बंद करून घेतले आहेत. दाजीही असंच धरून चालले होते. "तिला यातलं काय कळतंय," असं ते अगदी प्रेमानं म्हणायचे.

दाजींची एकच इच्छा राहिली होती. असली मोटर त्यांनी आतून पाहिली नव्हती. चित्रं पाहिली होती, कापलेल्या मोटरीचा फोटो मोठा करून देवघराशेजारी लावला होता, पण स्वतःच्या हातानं रोटर बाहेर काढला नव्हता. चालती गाडी खोलू देईना अक्का. शेवटी चिकलठाण्यात गॅरेज असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अपघातात चेपलेल्या गाडीची मोटर मिळवली आणि टेंपोतून आणून अंगणात ठेवली. दाजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग आत जाऊन आंघोळ करून आले. "सोमवारी उघडू," म्हणाले.

शनिवारी सकाळी बागेत फिरायला गेलेले असताना ते पडले. चार मित्रांना काहीतरी समजावत होते, बोलता बोलता डोळे फिरवले आणि गवतावर आडवे झाले. मित्रांना वाटलं, हेही प्रात्यक्षिकच. एकानं तर "म्हणजे आता वीज गेली का?" असं विचारलंसुद्धा. उत्तर आलं नाही, तेव्हा ते घाबरले. दाजींनी उत्तर दिलं नाही, असं आजवर झालेलं नव्हतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का बाकावर ताठ बसलेली होती. हातात निवडायला काही नव्हतं म्हणून पदराचा काठ बोटांनी निवडत होती. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते, मधूनच थांबत होते. पेसमेकर बसवावा लागला. चार दिवसांनी दाजी उशीला टेकून बसले आणि तरुण डॉक्टरीणबाई त्यांना काय करायचं, काय नाही हे सांगायला आल्या. दाजींनी तीन वाक्यं ऐकून घेतली.

"म्हणजे मॅडम, आता माझ्याही आत एक कंट्रोलर!"

"हो काका. आणि म्हणूनच जोरदार चुंबकापासून लांब राहायचं. छातीजवळ तर मुळीच न्यायचं नाही."

"कामून?"

"चुंबक जवळ आलं की हे यंत्र तुमच्या हृदयाचं ऐकायचं सोडतं आणि स्वतःच्या ठरलेल्या गतीनं ठोके द्यायला लागतं."

"म्हणजे पावलाला पाऊल सुटतं," दाजी हळूच म्हणाले. मग थोडं थांबून, "मी गाडी चालवू शकतो का?"

"थोड्या दिवसांनी चालवा. गाडीतली मोटर बंद पेटीत असते, लांब असते. पण उघडी चुंबकं हातात घ्यायची नाहीत."

अक्कानं पिशवीतून दाजींचा त्या दिवशीचा शर्ट काढला आणि डावा खिसा डॉक्टरीणबाईंसमोर उलटा केला. तीन चुंबकं एकमेकांना धरून तिच्या तळहातावर पडली. डॉक्टरीणबाईंनी तिला हाताला धरून खोलीच्या दारापर्यंत मागं नेलं.

घर बिनचुंबकाचं करायला अक्काला आणि माझ्या बायकोला अख्खा दिवस लागला. फ्रीजवरची, टेबलाच्या कप्प्यातली, मसाल्याच्या डब्याच्या झाकणामागची, न्हाणीघरात साबण टांगायला लावलेलं, पंचांगाच्या खिळ्याजागी लावलेलं. सगळी एका डब्यात भरून आमच्याकडं पाठवली आणि तो डबा आमच्या लोखंडी कपाटाला असा बिलगला, की अजून सुटत नाही. वरून हात घालून एखादं काढता येतं, एवढंच. अंगणातल्या मोटरीवर अक्कानं जुनी सतरंजी टाकली.

आणि दाजी गप्प झाले. पाणी आलं का, विचारलं तर "आलं" म्हणायचे. कुणाच्या नातीचं बारसं झालं, म्हणून सांगितलं तर "बरं झालं" म्हणायचे. मी मुद्दाम जाऊन बसायचो, तीन वाक्यं बोलायचो आणि चौथ्याची वाट बघायचो. ते खिडकीतून सतरंजीकडं बघत बसलेले असायचे. एकदा तर मी लाज सोडून स्वतःच विचारलं, "दाजी, ते चुंबक तापलं तर काय होतं हो?" "ओढ जाती," ते म्हणाले, आणि पुढं काहीच नाही. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, की मला फिरत्या खुर्चीत बसवा, पण ह्यांना बोलतं करा.

मग एका रविवारी अक्काचा फोन आला. "भावजी, जुने कपडे घालून या. मोटर उघडायचीय."

"कोण उघडणार?"

"मी."

गेलो तर अंगणात आडवी रांगोळीची रेघ. डॉक्टरीणबाईंनी हातभर अंतर सांगितलं होतं, अक्कानं दहा फूट आखलं होतं. रेघेपलीकडं खुर्चीत दाजी, हातात वेताची छडी. "हिला काय कळतंय यातलं," ते माझ्याकडं बघून कळवळून म्हणाले. "हात चिरडून घेईल ही!"

अक्का पदर खोचत म्हणाली, "पस्तीस वर्षं ऐकतेय. भिंतीनं ऐकलं असतं तर भिंतसुद्धा मोटर बांधायला शिकली असती. तुम्ही पुढं काय करायचं तेवढं सांगा."

असल्या मोटरीतून रोटर उपसून काढणं म्हणजे पोरखेळ नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आतली चुंबकं भोवतालच्या लोखंडाला अशी ओढतात, की हातानं ओढायला गेलं तर बोटं जातील. दाजींनी आजारी पडण्याआधीच सुताराकडून एक जाड लाकडी चौकट करून घेतली होती; तिच्या दोन बाजूंना दोन लांब आट्यांचे दांडे. एका बाजूचा नट अक्कानं फिरवायचा, दुसऱ्या बाजूचा मी, एका वेळी पाव फेरा, दोघांनी अगदी सारखा. दाजी छडी आपटून मोजायला लागले. "पाव. पाव. थांबा. पाव." रोटर केसाकेसानं बाहेर यायला लागला. घंटाभर तसंच चाललं. अर्धा बाहेर आला आणि मी, मराठीचा प्राध्यापक, पाव कुठला नि अर्धा कुठला हे विसरलो.

ठाक्‌ असा आवाज झाला आणि रोटर एका अंगाला जाऊन चिकटला. माझं बोट अगदी थोडक्यात वाचलं. दाजी ताडकन उठले. त्यांची चप्पल रांगोळीवर पडली.

"खाली बसा!"

अक्का ओरडली होती. सव्वीस वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता; दाजींनी पस्तीस वर्षांत ऐकला नसावा. ते मटकन खाली बसले.

"काही झालेलं नाय," अक्का शांतपणे म्हणाली. "भावजींचा फेरा जास्त झाला, एक बाजू जवळ आली. फट कमी झाली की ओढ वाढती, मग ती अजून जवळ जाती. मधी काहीतरी घालायला हवं. लोखंड नको, पातळ हवं, पण चिवट." ती आत गेली आणि दाजींच्या छातीच्या एक्सरेची मोठी फिल्म घेऊन आली. कात्रीनं तिच्या लांब पट्ट्या कापल्या. माझा नट तिनं अर्धा फेरा मागं घ्यायला लावला, लाकडाची पाचर मारून रोटर मध्यावर आणला आणि त्या पट्ट्या फटीतून चारी बाजूंनी आत सरकवल्या. दाजींच्या बरगड्या एकेक करून मोटरीत गेल्या.

दाजींची छडी कधीच गळून पडली होती. "हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. आपल्या लेकीच्या लग्नाआधी. जेवताना."

पुन्हा पाव, पुन्हा पाव. उन्हं भिंतीवर चढायच्या वेळेला रोटर पुरा बाहेर आला आणि लाकडी पाटावर टेकला. नारळाएवढा जाड, हातभर लांबही नाही. मला वाटलं होतं काहीतरी चकाकणारं निघेल. दाजी खुर्चीच्या टोकावर आले होते, पण पाय रेघेच्या पलीकडंच.

"कसा दिसतो गं?"

"पापडांची चळत असती ना, तसं लोखंड आहे," अक्का वाकून बघत म्हणाली. "पातळ चकत्या, एकावर एक. वरून बघितलं की तिरप्या चिरा दिसतात, दोन-दोनच्या जोड्या. पाखराचे पंख उघडल्यासारख्या. त्यात चुंबकं बसवलेली. बाहेरून हाताला लागत नाहीत."

"व्हय, आतच असतात. फिरताना उडू नयेत म्हणून. ओढ बघ ओढ."

मी येताना डब्यातून काढून आणलेलं एक लहान चुंबक तिनं लाकडी उलथन्याच्या टोकाला फडक्यानं घट्ट बांधलं आणि ते रोटरच्या भोवती हळूहळू फिरवायला लागली. दाजींनी डोळे मिटले.

"इथं ओढतं," अक्का म्हणाली. उलथनं थोडं सरकलं. "इथं ढकलतं." पुन्हा सरकलं. "ओढतं. लई ओढतं हो. आता ढकलतं." दाजींची बोटं मांडीवर एकेक करून मोजत होती. अक्का पुरी फेरी मारून जिथून निघाली तिथं परत आली.

"आठ," दाजी म्हणाले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "आठच असणार. मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," अक्का म्हणाली.

त्या दिवसानंतर दाजी पुन्हा बोलायला लागले. आता तीन वाक्यांचीही वाट बघत नाहीत. मधले आजारपणाचे दिवस भरून काढायचे असावेत. फक्त एक फरक पडला आहे. सांगता सांगता ते मधेच अडतात आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारतात, "त्या चिरा किती तिरप्या होत्या गं?" आणि आतून उत्तर येतं. कुणी जास्त खोलात शिरलं तर म्हणतात, "तिला विचारा. तिनं हात लावलाय."

रोटर अक्कानं गोधडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला आहे, अगदी मागच्या खोलीत. दाजी त्या खोलीत जात नाहीत. परवा मी गेलो तेव्हा ती आत पेटीवरची धूळ पुसत होती, आणि ते उंबऱ्याबाहेर, चौकटीला एक हात टेकून, आत वाकून उभे होते. गाडी चालू असताना शीळ ऐकायला कान लावतात, तसाच चेहरा. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

"आहे ना गं नीट?" त्यांनी विचारलं.

"आहे," अक्का म्हणाली. "तुम्ही तिथंच थांबा. मी सांगते."